वाळूखालचे गोडे पाणी

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की समोर समुद्रात एक लहानसे बेट आणि त्यावरील किल्ल्याचे बुरूज दिसतात. १७३७ साली मराठ्यांनी हा किल्ला बांधून काढला. बेटाच्या चारी बाजूंना खारे पाणी आहे. तरीही किल्ल्याच्या आतील विहिरींना गोडे पाणी लागते. प्रथमच येणारा पाहुणा ते पाणी तोंडात घेऊन चकित होतो आणि स्थानिक माणूस त्याच्या चकित होण्याकडे पाहून हसतो. वसईच्या किनारपट्टीवर जन्मलेल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही. लाटांचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर त्याच्या आजोबांची विहीर असते आणि त्या विहिरीच्या पाण्यावर केळी, पानवेली, भाजीपाला व माणसे अशी सारीच वाढलेली असतात. ज्या गोष्टीचे नवल वाटत नाही, तिच्या इतिहासाची विचारपूस आपण सहसा करीत नाही. विहिरीला पाणी आहे, ते आजोबांच्या वेळीही होते, एवढेच आपल्याला पुरते.

हे पाणी गोडे राहिले ते आपोआप राहिले नाही, त्याला एक मर्यादा होती, आणि ती मर्यादा कोणी व कशी सांभाळली हे पाहण्यासारखे आहे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. विषय वसईचा आहे. परंतु जेथे समुद्रकाठची माणसे विहिरीवर जगतात आणि शहरातील माणसे विसाव्यासाठी तेथेच येतात, अशा कोणत्याही प्रदेशाला तो थोड्याफार फरकाने लागू पडावा.

बेटाच्या पोटातील साठा

आजची पश्चिम वसई ही एके काळी बेटच होती. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वैतरणेची खाडी, दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाशी असलेली वसईची खाडी आणि पूर्वेस सोपाऱ्याच्या बाजूने आत शिरलेले खारे पाणी व खाजणे. या वेढ्याच्या मधोमध जी वाड्यांची जमीन आहे, तिच्या वरच्या थरात वाळू व शंखशिंपल्यांचा चुरा आढळतो. त्याखाली काळा कातळ. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातील बराच भाग वाहून खाडीला मिळतो. काही भाग वाळूत जिरतो आणि तेथेच थांबतो.

हे जिरलेले पाणी समुद्राच्या पाण्याला लागूनच असते. मग ते खारे का होत नाही? आपल्या घरातील वेदीपुढे पूर्वी काचेच्या पेल्यात दिवा लावीत. त्यात खाली पाणी व वर तेल असे. तेल हलके, म्हणून ते वर तरंगे. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा असेच किंचित हलके असते. बेटाच्या पोटात ते खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराने तरंगत असते: मध्ये जाड, काठाकडे पातळ. तेल व पाणी मात्र कधी मिसळत नाहीत, आणि गोडे व खारे पाणी मिसळते. म्हणून येथील समतोल दिव्यातल्या समतोलापेक्षा कितीतरी नाजूक आहे.

या समतोलाचे गणित युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले गेले. डच लष्करी अभियंता बादोन गायबेन याने १८८८-८९ च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या विहिरींच्या निमित्ताने ते मांडले. १९०१ साली जर्मन अभियंता हर्झबर्ग याने स्वतंत्रपणे तेच सांगितले. हर्झबर्गचे संशोधन उत्तर समुद्रातील नॉर्डरनाय वगैरे विश्रामस्थळांच्या पाणीपुरवठ्याविषयी होते. हवापालटासाठी येणाऱ्या पाहुण्यांना समुद्राच्या मधोमध गोडे पाणी कोठून व किती द्यावयाचे, या व्यावहारिक प्रश्नातून हे शास्त्र पुढे आले. दोघांचा निष्कर्ष असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा जितकी उंच असते, त्याच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत गोडे पाणी टिकते. याचा दुसरा अर्थ भयंकर आहे. वरची पातळी एक फूट खाली गेली, तर खालून खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकू शकते. वसईत वाळूखाली कातळ असल्यामुळे हे गणित जसेच्या तसे उतरत नाही. परंतु त्यातील तत्त्व बदलत नाही. वर थोडेसे हरवले, की खाली पुष्कळ हरवते.

डच लोकांनी याचा अनुभव घेतला आहे. १८५३ पासून अ‍ॅमस्टरडॅम शहराला समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतील गोडे पाणी मिळू लागले. शहर वाढले, उपसा वाढला आणि टेकड्यांखाली खारे पाणी वर चढू लागले. अखेर १९५७ पासून ऱ्हाईन नदीचे पाणी आणून ते त्या वाळूत मुरविण्यास प्रारंभ झाला. ज्या वाळूने शंभर वर्षे पाणी दिले, तिला पाणी परत देण्याची पाळी आली.

रहाट आणि बावखल

आपल्या पूर्वजांना गायबेन वा हर्झबर्ग ठाऊक नव्हते. परंतु त्यांनी जी व्यवस्था उभारली होती ती पाहिली, की त्या दोघांनीही मान डोलविली असती असे वाटते.

या व्यवस्थेची दोन अंगे होती. पहिले अंग म्हणजे रहाट. लाकडी चाक, त्यावरून फिरणारी मडक्यांची माळ, आणि गोल फिरणारा बैल किंवा रेडा. पहाटेच्या अंधारात रहाटाची कुरकुर सुरू होई आणि पन्हळीतून पडणारे पाणी पाटापाटाने वाफ्यांत पोहोचे. रहाट संथ होता. उथळ विहिरीतले वरवरचे पाणी तो उचली. जनावर थकले, की उपसा थांबे. रात्रभरात विहीर पुन्हा भरून येई. प्रत्येक वाडीची विहीर वेगळी असल्यामुळे उपसा एका ठिकाणी एकवटत नसे; तो साऱ्या बेटावर विखुरलेला असे. किनाऱ्यालगतच्या गोड्या पाण्याचा उपसा कसा करावा असे आज भूजलतज्ज्ञास विचारले, तर तोही हेच सांगेल: उथळ विहिरी घ्या, दूर दूर घ्या आणि थोडे थोडे उपसा.

दुसरे अंग म्हणजे बावखल. वसईबाहेरच्या वाचकासाठी सांगावयाचे तर बावखल म्हणजे वाडीतील खोलगट, उतरत्या काठांचे तळे. ते विहिरीपेक्षा रुंद व तलावापेक्षा लहान असते. पावसाळ्यात आजूबाजूचे पाणी त्यात उतरे, तुडुंब भरे आणि सावकाश जमिनीत मुरे. उन्हाळ्यात तेच पाणी शिंपण्याला येई. अनेक बावखले एकट्याच्या मालकीची नव्हती. भाऊबंद व शेजारी यांचा त्यांत सामायिक वाटा असे आणि पाणी घेण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत. मुले तेथेच पोहायला शिकत. वरकरणी बावखल म्हणजे नुसता खड्डा. खरे पाहता ते बेटाच्या पोटातील साठ्यात पाणी भरण्याचे तोंड होते.

पाण्याविषयीचा आदर केवळ शेतीपुरता नव्हता. मुंबई व साष्टीच्या ईस्ट इंडियन कुटुंबांत लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचे पाणी’ आणण्याची रीत आहे. नवरा-नवरीला त्या पाण्याने न्हाऊ घालतात. घराण्याचा नवा संसार गावच्या विहिरीला सांगून सुरू व्हावा, अशीच जणू ही योजना. बाप्तिस्म्याच्या कुंडातील पाणीही कित्येक पिढ्या गावच्या विहिरीचेच होते.

विसाव्याचे जुने ठिकाण

वसई हा पर्यटनाचा प्रदेश अलीकडे झाला, अशी आपली समजूत आहे. ती तितकीशी खरी नाही. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिली. या दोन शतकांच्या उत्तरार्धात, १६९५ साली, जेमेल्ली करेरी हा इटालियन प्रवासी येथे आला. त्याने आपल्या प्रवासवृत्तात ‘कसाबो’ या नावाने उल्लेखिलेल्या बागायती पट्ट्याचे मोठे रसाळ वर्णन केले आहे. पंधरा मैलांपर्यंत बागाच बागा, त्यांत माड, आंबे व मुबलक ऊस आणि त्या कसणारे ख्रिस्ती, मुसलमान व हिंदू शेतकरी असे ते चित्र आहे. पुढे तो सांगतो, की हे शेतकरी काही यंत्रांनी पाणी देऊन बागा सदैव हिरव्या ठेवतात आणि त्या गारव्याच्या ओढीने वसईच्या उमरावांनी तेथे आपली विहारगृहे बांधली आहेत; कडक उन्हाळ्यात व साथीच्या दिवसांत ते तेथे हवा खाण्यासाठी जातात.

करेरीची ती ‘यंत्रे’ म्हणजे आपले रहाट, याविषयी शंका घेण्याचे कारण दिसत नाही. या वर्णनात आजच्या प्रश्नाची सारी पात्रे हजर आहेत: भूमीखालचे पाणी, ते उपसणारा शेतकरी, त्या पाण्याने झालेली सावली आणि त्या सावलीत विसावणारा पाहुणा. उमरावांना गारवा हवाच होता. परंतु त्यांच्यासाठीसुद्धा बैलाने चार फेरे अधिक घातले असतील, याहून वेगळे काय झाले असणार? पाहुणा कितीही श्रीमंत असला तरी रहाट त्याच्यासाठी वेगाने फिरू शकत नव्हता. यात कोणाचा साधेपणा वा सद्गुण होता असे मला म्हणावयाचे नाही. मर्यादा माणसाच्या मनात नव्हती, ती लाकडात व जनावराच्या पायांत होती. म्हणूनच लाकूड व जनावर गेले तेव्हा तीही गेली.

याहून जुना एक संदर्भ येथेच सापडतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याच्या भाटेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. आता तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस जात, शिकार व करमणूक करीत. आपण मात्र धर्मयात्रा सुरू केली, म्हणजे वृद्धांची भेट घ्यावी, दानधर्म करावा, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून त्यांची विचारपूस करावी, असा त्या लेखाचा आशय आहे. ज्या भूमीवर आज शनिवार-रविवारी विहारयात्रेकरूंची रीघ लागते, त्याच भूमीत हा दगड तळ्याकाठी पडून राहिला होता.

पंप, टँकर आणि तीस एकरांची विहीर

१८६४ साली मुंबईपर्यंतचा लोहमार्ग पूर्ण झाला आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला जाणारी पहिली उपनगरी गाडी सुटली. वसईची केळी, पाने, फुले व भाजी मुंबईच्या बाजारात सकाळी पोहोचू लागली. शिंपण्याला मोल आले. पुढे विसाव्या शतकात तेलावरची इंजिने आली आणि मग वीज आली. रहाट एकेक करून अंगणात पडले. यात शेतकऱ्याचा दोष तो काय? रात्रंदिवस जनावरामागे फिरणाऱ्या माणसाला बटण दाबून पाणी मिळू लागले, तर तो आनंदणारच. पण बटणाला थकवा येत नाही, ही गोष्ट कोणाच्या ध्यानी आली नाही.

मुंबईची वस्ती उत्तरेकडे सरकली तशी वसई, नालासोपारा व विरार या स्थानकांभोवती इमारती उभ्या राहिल्या. नळ पोहोचण्याआधी माणसे पोहोचली. या माणसांना पाणी हवे होते, बांधकामाला पाणी हवे होते. पश्चिमेकडच्या वाड्यांतील विहिरींना पाणी होते. मध्ये टँकर आला. शेतात वर्षभर राबून जे मिळेना, ते पंप चालवून काही दिवसांत मिळू लागले. विहिरीचा मालक आपल्यातलाच होता. तो मिस्साला आपल्या शेजारच्या बाकावर बसत होता. ही गोष्ट लिहिताना लेखणी अडखळते; पण ती वगळून लिहिलेला इतिहास खोटा ठरेल.

कायदाही त्याच्याच बाजूने होता. १८४३ च्या एका इंग्रजी निवाड्यात असे ठरले होते, की जमिनीखालून झिरपणारे पाणी जमीनमालक हवे तितके काढू शकतो, शेजाऱ्याची विहीर आटली तरी. तेच तत्त्व १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात आले. इंग्लंडातील न्यायाधीशांना भूमीखालचे पाणी दिसत नव्हते. जे दिसत नाही त्याची वाटणी कशी करावयाची, म्हणून त्यांनी ते वरच्या मालकाला देऊन टाकले.

येथे एक साधा हिशेब करून पाहू. एक एकर जमिनीवर दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचे सुमारे ८० लाख लिटर पाणी होते. त्याचा दहावा हिस्सा जमिनीत टिकला असे समजू. म्हणजे ८ लाख लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर हे ८० टँकर झाले. ऑक्टोबर ते मे हे आठ कोरडे महिने. रोज एकच टँकर भरला तरी सुमारे २४० टँकर होतात. म्हणजे रोज एक टँकर भरणारी विहीर तीन एकरांचा पाऊस पिऊन टाकते, आणि रोज दहा टँकर भरणारी तीस एकरांचा. मालकाच्या सातबारावर कदाचित वीस गुंठे असतील! उरलेले पाणी कोणाचे? ते शेजाऱ्याचे, पलीकडच्या विधवेच्या परसातील माडाचे, किनाऱ्यावरील कोळीवाड्यातील बायकांच्या कळशीचे. पाणी विकणारा आपले पाणी विकतो असे म्हणतो. हिशेब मात्र वेगळे सांगतो.

आणि नुकसान सर्वांत आधी त्याचे होत नाही. भिंग काठाकडे पातळ असते हे आपण पाहिले. उपसा वाढला, की समुद्र व खाडी यांच्या लगतच्या विहिरी आधी मचूळ होतात. तेथील केळ करपते, पानवेल खुरटते. एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हावयाची तर उपसा थांबवून कित्येक पावसाळे वाट पाहावी लागते.

चळवळ आणि तिचा अपुरा धडा

१९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हरित पट्ट्यातील मोठे क्षेत्र बांधकामासाठी खुले होणार असे दिसू लागले आणि १९९० साली या प्रदेशाच्या नियोजनाचे काम ‘सिडको’कडे सोपविण्यात आले. याच सुमारास हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिचे अग्रणी होते. ‘सुवार्ता’ मासिकाच्या संपादकपदाची धुराही त्यांच्याकडेच होती. हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान अशा सर्वांना त्यांनी झाड, माती व पाणी यांच्या नावाने एकत्र आणले आणि टँकरविरोध हा त्या लढ्याचा एक महत्त्वाचा भाग बनला. पुढे २०२० साली उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. २५ जुलै २०२४ रोजी ते आपल्यातून गेले. त्यांच्या जाण्यानंतर पुष्कळ लिहिले व बोलले गेले. विहिरींची त्यांना किती काळजी होती, हेही त्यात आठवावयास हवे.

चळवळीने पुष्कळ साधले. परंतु बाहेरच्या बिल्डरविरुद्ध लढणे जितके सोपे, तितके घरातल्या पंपाविरुद्ध लढणे सोपे नाही. आपण मोर्चात सामील झालो आणि परत येऊन पंपही चालू ठेवला, असे पुष्कळदा घडले.

शासनानेही काही पावले उचलली. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत भूजल उपसण्यास मनाई केली आणि दोनशे ते पाचशे मीटरच्या पट्ट्यात पिणे, बागायत, शेती व मासेमारी यांसाठी साध्या विहिरीतून हातानेच पाणी काढण्याची मुभा ठेवली. समुद्रकाठच्या विश्रामगृहांना ज्या अटी घातल्या, त्यांतही भूजलाची अट होती. २०११ च्या अधिसूचनेत हेच बंधन थोड्या फरकाने कायम राहिले. या नियमाकडे नीट पाहा. ‘हाताने’ या एका शब्दात सरकारने रहाटाची मर्यादा कायद्याने परत आणण्याचा प्रयत्न केला होता! राज्यात १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांना संरक्षण देणारा कायदा झाला. २००९ चा व्यापक भूजल अधिनियम २०१४ पासून अंमलात आला आणि विहिरींची नोंदणी व उपशावरील नियंत्रण यांची तरतूद त्यात आहे. पण बैल थकल्यावर आपोआप थांबत असे. कायदा मोडताना कोणी पाहत नसेल, तर थांबविणारे कोण?

अर्नाळा, राजोडी, कळंब या किनाऱ्यांवर आज विश्रामगृहांची रांग आहे. पोहण्याचे तलाव, हिरवळ, न्हाणीघरे या सर्वांना गोडे पाणी लागते. पाहुणा समुद्रात डुंबून आला, की अंगाचे मीठ धुण्यासाठी त्याला तेच हवे असते. या व्यवसायावर आपलीही कित्येक कुटुंबे जगतात. पाहुणचार हा आपला जुना गुण आहे आणि मुंबईच्या चाळीतून मुलांना घेऊन एक दिवसासाठी आलेल्या कुटुंबाचा हेवा करण्याचे कारण नाही. गर्दी नेमकी मे महिन्यात असते, जेव्हा विहिरीतील पाणी सर्वांत खाली असते. अडचण तेथे आहे. वर्षातील सर्वांत मोठा उपसा वर्षातील सर्वांत दुबळ्या दिवसांवर पडतो. करेरीच्या काळीही उन्हाळ्यातच पाहुणे येत. तेव्हा रहाट आड येई, आता काहीच आड येत नाही.

दुसरीकडे भरण्याचे तोंड आपणच बुजविले. रहाट गेल्यावर बावखल निरुपयोगी वाटू लागले. वाटण्या झाल्या, घरे वाढली, मातीचे ट्रक आले आणि तळ्याच्या जागी जोते उभे राहिले. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर दिवसचे दिवस पाण्याखाली राहिला. तेव्हा पाण्याने आपल्या जुन्या जागा शोधल्या आणि त्यांवर इमारती उभ्या असलेल्या पाहिल्या. पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात मचूळ विहीर हे दोन वेगवेगळे प्रश्न नव्हेत. मुरण्याची जागा गेली, की वर पूर येतो आणि खाली दुष्काळ पडतो.

बापाच्या विहिरी

उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाकाची एक गोष्ट आहे. अब्राहामाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि बापाने दिलेली नावेच त्यांना दिली. नवीन खणलेल्या विहिरींवर गराराचे गुराखी पाणी आमचे म्हणून भांडू लागले. तेव्हा एकीला एसेक, म्हणजे कलह, आणि दुसरीला सितना, म्हणजे वैर, अशी नावे पडली. तिसऱ्या विहिरीवर भांडण झाले नाही. तिला त्याने रहोबोथ म्हटले. त्याचा अर्थ ऐसपैस जागा.

इसहाकाच्या बापाच्या विहिरी परक्यांनी बुजविल्या होत्या. आपल्या बापाच्या आपण स्वतः बुजविल्या. त्यामुळे उकरण्याचे कामही आपलेच. अलीकडे काही गावांतील तरुणांनी सुट्टीच्या दिवशी एकत्र येऊन बावखलांतील गाळ व कचरा उपसण्यास आरंभ केला आहे. त्यांच्या हातातील फावडे पाहून समाधान वाटते. प्रत्येक धर्मग्रामाला एवढे तरी करता येईल: आपल्या हद्दीत किती बावखले होती, किती उरली, किती विहिरी मचूळ झाल्या याची यादी करावी, देवळाच्या, शाळेच्या व सभागृहाच्या छपरावरचे पावसाचे पाणी गाळून जुन्या विहिरीत सोडावे, मैल्याची टाकी विहिरीपासून दूर ठेवावी, मे महिन्यात विहिरीतील पाण्याची पातळी मोजून ती चर्चच्या फलकावर लिहावी. पाण्याची पातळी सर्वांना दिसू लागली, तर विकणाऱ्याला संकोच वाटेल आणि विश्रामगृहाच्या चालकालाही आपला वाटा किती हे कळेल. पाहुण्याकडून पैसे घेणाऱ्याने निदान आपल्या छपरावरचा पाऊस तरी वाळूला परत द्यावा, हे मागणे फार नव्हे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्याचे सुरक्षित पाणी हा माणसाचा मूलभूत व सार्वत्रिक हक्क असल्याचे सांगितले आणि पाण्याचा बाजारी माल होण्याविरुद्ध सावध केले. हे परिपत्रक आपण प्रवचनांतून ऐकले, अभ्यासवर्गांतून वाचले. त्याची खरी परीक्षा आपल्या परसात, पंपाच्या बटणापाशी होणार आहे.

तीनशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याला त्याच्या रहाटाने आवरले होते. आपल्याला आवरणारे यंत्र आता कोणी करणार नाही. ते काम आपल्या सद्सद्विवेकाकडे आले आहे. अर्नाळ्याच्या बेटावरील विहिरीत आजही पोहरा सोडावा आणि पाणी चाखून पाहावे. चारी बाजूंनी खारा समुद्र असूनही ते गोडे लागते. आपल्या नातवंडांनी त्याचे नवल न वाटता हसावे, इतपत ते आपण राखून ठेवावयास हवे.